गोलमावशीचं बोलावणं

"उरुग्वे दोन, ब्राझील शून्य! बांगडे घे गो बाय, ताजे हायत!"

रत्नागिरीच्या मासळी बाजारात सकाळी आठ वाजता ही आरोळी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा मला वाटलं, उरुग्वे हा एखादा मासाच असणार. दोन घेतले तर ब्राझील फुकट. मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याला जयगडच्या बंदरावर ट्रेलर चालवायचं काम लागलं म्हणून इतक्या लांब आले. समुद्र बघून छातीत धडकी भरायची. माशांकडे तर बघवतच नव्हतं, डोळे उघडे ठेवून मेलेले. अशा बाईला जिने मासे कापायच्या कामाला ठेवलं, तिला सगळा बाजार गोलमावशी म्हणायचा.

मावशी कुठूनही गोल नव्हती. सुकवलेल्या बोंबलासारखी काटक, ताठ. गोल म्हणजे फुटबॉलमधला गोल. जगातला कुठला देश कुठल्या देशाशी खेळला, कोण हरलं, कोणाला किती गोल बसले, हे ती विळीवर बसल्या बसल्या सांगायची. मुंडकं उडवलं की एक गोल. तिने आयुष्यात एकदाही बॉलला पाय लावला नव्हता. शिक्षण चौथी. मला कामावर घेताना तिने एवढंच विचारलं होतं, "इंग्रजी अक्षरं येतात काय?" मी भीत भीत म्हटलं, "आठवीपर्यंतची येतात." तर म्हणाली, "मग काय! माझ्या दुप्पट शिकलीस." शिक्षणावरून मला कुणी मोठं म्हटल्याची ती पहिलीच वेळ.

तेव्हापासून रोज मासे कापण्याआधी मोबाइलवरचे निकाल वाचणं हे माझं काम झालं. देशांची नावं इंग्रजीत असायची. चुकेन या भीतीने मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचे. जॉर्जियाला मी पहिल्या दिवशी 'गेओर्गिया' वाचलं. मावशी हसली नाही. म्हणाली, "असेल तसंही. तिथं कोण गेलंय आपल्यातलं?"

खेळाचे नियम तिने बाजारातूनच समजून घेतले होते. जेटीवर होडी लागली, की होडीचा म्होरक्या तांडेल मासे खाली उतरवून 'हां' म्हणेपर्यंत कुठल्याच बाईने पुढे सरायचं नाही, अशी तिथली रीत. एकदा एक नवखी बाई आधीच पुढे जाऊन पाटीवर हात ठेवून उभी राहिली. मावशी लांबून ओरडली, "ऑफसाइड! माघारी ये!" आणि ती बाई खरंच माघारी आली. दुपारी उरलेल्या माशांचे वाटे स्वस्तात काढायची वेळ आली की मावशी म्हणायची, "आता इंजुरी टाइम. सापडेल तो गोल घ्यायचा."

हे सगळं तिने कशासाठी शिकून घेतलं, ते मला दोन महिन्यांनी कळलं. तिचा एकुलता मुलगा दिनू मालवाहू जहाजावर फिटर होता. बापाची होडी नको म्हणून भांडून गेला. तो समुद्रावर असतानाच इकडे बाप गेला. दिनूला पोचता आलं नाही. अग्नी पुतण्याने दिला. त्यानंतर तीन वर्षं दिनू घरी आलाच नव्हता. फोन यायचा. "जेवलास?" "हो." "बरा हायस?" "हो." एका मिनिटात खेळ खलास. एकदा मागे जहाजावरच्या टीव्हीचा आवाज आला म्हणून मावशीने सहज विचारलं, "काय चाललंय रे?" दिनू म्हणाला, "फुटबॉल. आमचा चीफ इंजिनिअर जॉर्जियाचा आहे, त्याच्या देशाची मॅच." आणि मग पुढची वीस मिनिटं तो बोलतच राहिला.

"आईशी बोलायला लाज वाटते त्याला," मावशी मला म्हणाली. "बॉलविषयी बोलायला नाय वाटत. मग म्हटलं, आपणच शिकूया."

माणूस लेकरासाठी उपाशी राहतो, उन्हात राबतो, हे मी पाहिलं होतं. पण साठीला टेकलेली बाई लेकाचं बोलणं तुटू नये म्हणून अख्ख्या जगाचा फुटबॉल पाठ करते, हे कुठे पाहिलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात जॉर्जियाने स्पेनकडून सात गोल खाल्ले. चीफ भडकला आणि दिनूच्या मागे कामाचा ससेमिरा लावला. मावशीला ते सहन होईना. नवरात्रात ती मला घेऊन देवळात गेली आणि गुरवाला म्हणाली, "गाऱ्हाणं घाल. दिनूसाठी आणि जॉर्जियासाठी." गुरवाने नारळ हातात घेतला, डोळे मिटले. "बा म्हाराजा, ही तुझी लेक तुझ्या पायाशी आलेली हाय. तिचा झील दिनू आणि त्याची..." इथे त्याने एक डोळा उघडला. "जॉर्जिया कोण गो? दिनूने बायको केलीन की काय?"

"देश हाय मेल्या तो!"

पण देवळात आणखी चार बायका होत्या. दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं, मावशीच्या दिनूने जॉर्जिया नावाची गोरी बायको केलीन. "सून मासे खाते काय गो?" "नाकीडोळी कशी हाय?" मावशी बांगडा आपटत म्हणायची, "सात गोल खाल्लेली हाय, आणखी काय सांगू?"

दुपारी दिनूचा फोन आला तेव्हा तिने त्याला हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. स्पीकर चालू होता. पलीकडे दिनू हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. मावशीने फोन दोन्ही हातांत धरला होता, भरलेली वाटी धरावी तसा. हसणं थांबल्यावर दिनूने हळूच विचारलं, "आई, शिमग्यात देवाच्या पालखीला आता आपल्या घरातून खांदा कोण देतो?"

"कोण नाय," मावशी म्हणाली. तेवढंच.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मावशी, ये म्हणायचं होतंत की!"

"ये म्हटलं तर परत एका मिनिटावर येईल तो. थांब जरा."

नोव्हेंबरात एक बातमी मी तिला अडखळत वाचून दाखवली. खेळाडू वर्षभर परक्या देशांतल्या क्लबांकडून खेळतात. पण वर्षातून चार-पाच वेळा त्यांचा स्वतःचा देश त्यांना बोलावतो, तेव्हा क्लबला त्यांना सोडावंच लागतं. आठ-दहा दिवस देशासाठी खेळायचं आणि मग परत. मावशीची विळी थांबली.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हणजे चाकरमानीच की गो हे! क्लब म्हणजे मुंबई आणि देश म्हणजे गाव. सप्टेंबर म्हणजे गणपती. मार्च म्हणजे शिमगा." तिचा चेहरा उजळला. "आणि ज्याला बोलावलं तो येत नाय, असं असतं काय?"

"जखमी असला तर येत नाही. काही जण खोटंच सांगतात म्हणे."

"मेले," मावशी म्हणाली.

त्या वर्षी शिमगा आणि मार्चमधले देशांचे सामने नेमके एकाच आठवड्यात आले. फेब्रुवारीत एका दुपारी दिनूचा फोन आला. जॉर्जियाचं बोलून झालं. मग मावशीने पदराने हात पुसले आणि पाठ ताठ केली.

"दिनू, शिमग्याचा संघ जाहीर झालाय. तुझं नाव हाय."

पलीकडे दिनूने टीव्हीचा आवाज बारीक केला.

"येतोस, का जखमी हायस?"

तो म्हणाला, "आई, माझा फॉर्म नाय."

"फॉर्म कोण बघतोय? आपल्याकडे माणसं कमी हायत."

मी विळीवरचा हात थांबवून देवाचं नाव घेत बसले होते. काळजी करायची मला सवयच आहे, पण त्या दिवशीसारखी काळजी मी स्वतःच्या बाळंतपणातही केली नव्हती. दिनू एवढंच म्हणाला, "चीफला विचारतो."

चीफने सोडलं. दिनू आला. उंच, काळवंडलेला, दारापर्यंत येऊन अंगणातच थांबला. आत यायला पाय उचलेना. मावशीने बादली पुढे सरकवली. "पाय धू. उशीर झालाय, पालखी देवळातून निघून सहाणेच्या चौथऱ्यावर बसलीसुद्धा." बापाविषयी ती एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी पालखी नाचायला लागली तेव्हा बापाच्या जागेवर दिनूचा खांदा होता. ढोल, गुलाल, माणसांची गर्दी. मी पालखीकडे बघत होते. मावशी त्याच्या पायांकडे बघत होती. "चुकतोय बघ," ती पुटपुटली. "डावा आधी टाक, डावा." थोड्या वेळाने पाय जुळले, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. त्याच आठवड्यात जॉर्जिया पेनल्टीवर जिंकला, आणि देशांच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच पात्र ठरला. चीफने दिनूला फोन केला आणि रडला म्हणे. बाजारात मावशीने सगळ्यांना साखर वाटली. "सुनेला दिवस गेले काय गो?" असं कुणीतरी विचारलंच.

बाराव्या दिवशी दिनू निघाला. स्टेशनवर मी मावशीच्या मागे उभी होते. मला राहवेना. मी तिच्या कानात म्हटलं, "मावशी, आणखी चार दिवस राहा म्हणा ना. तुमचं ऐकेल तो आता." तिने मान हलवली. "धरून ठेवला तर पुढच्या हाकेला ओ कोण देईल?"

मी आता गुजरातेत असते, दुसऱ्या बंदरावर, परभणीपासून आणखी लांब. माझा थोरला शिकायला बाहेर गेलाय. फोन लवकर ठेवतो. त्याला धरून ठेवावंसं वाटलं की मला ते वाक्य आठवतं आणि मी त्याला त्याच्या आवडीचं काहीतरी विचारते.

त्या दिवशी दिनूची गाडी गेल्यावर रिक्षात मावशीने पदर तोंडावर ओढला आणि बाजार येईपर्यंत काढला नाही. बाजार आला तशी उतरली, तोंडावर पाणी मारलं, विळीवर बसली. शेजारच्या कोळंबीवालीने विचारलं, "दिनू गेला काय गो?"

मावशीने सुरमई उचलली.

"गेला नाय. मी सोडलाय."