बस रे, पाणी पी

कारखान्यातली जुनी माणसं लग्नकार्यात भेटली की कोणीतरी हमखास विषय काढतं. "तो रोमानियाचा कोच आठवतो का रे? माणूस चांगला होता बिचारा, पण भाषेची बोंब! कोणाला काही कळायचंच नाही." मग सगळे माझ्याकडे बघून हसतात, कारण त्याचा दुभाषा मी होतो. मी हसत नाही. जेवणाचं ताट हातात असलं तरी खाली ठेवतो आणि सांगतो, हे खोटं आहे. तेव्हाही खोटं होतं, आणि ते कोणाच्या केबिनमध्ये बसून रचलं हे मला माहीत आहे. लोक म्हणतात, जाऊ दे ना यार, किती वर्षं झाली. का जाऊ दे?

आमचा कारखाना बोरिवली पूर्वेला होता. गिरण्यांचा संप नुकताच मोडला होता आणि माझे वडील त्यात कायमचे घरी बसले होते. मी बी.ए. झालेला. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, हे मी आजही छाती काढून सांगतो. पर्सनल खात्यात क्लार्क होतो, आणि कॉलेजात फुटबॉल खेळलेला म्हणून कंपनीच्या टीमचं कागदी काम माझ्याकडे होतं. कंपनीचा रोमानियाशी मशिनरीचा काही व्यवहार होता. त्यातून दोन्हीकडच्या साहेबांनी हात मिळवले आणि एका मोसमापुरता तिकडचा माणूस आमच्या टीमला मिळाला. मराठी शाळेतून येऊन घासून घासून इंग्रजी कमावलेला मी त्याचा दुभाषा झालो. त्याची इंग्रजी माझ्याहून कच्ची, त्यामुळे आमचं छान जमलं.

तो पन्नाशीला टेकलेला, एका गुडघ्याने अधू. रेल्वे कामगाराचा मुलगा. गावातल्या रेल्वेच्याच क्लबातून वर्षानुवर्षं सेंटर हाफ खेळला, गुडघा गेला, आणि पुढच्याच मोसमात त्याच क्लबाचा मॅनेजर झाला. काल ज्यांच्याबरोबर बूट घासायचा त्यांना आज खेळवायचं. मला हे फार आवडलं. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे टाय आणि केबिन. टीमचा मॅनेजर म्हणून कागदावर आमच्या पर्सनल ऑफिसरचं नाव असायचं. या गृहस्थांनी जन्मात बॉलला पाय लावला नव्हता, पण कपाबरोबरच्या प्रत्येक फोटोत मधोमध खुर्चीवर तेच.

वडिलांना मी घरी सांगितलं, की तिकडे खेळाडूच मॅनेजर होतो.

"मॅनेजर आसा आणि चड्डी घालून धावता?" ते म्हणाले. "मगे तेका सलाम कोण मारता?"

"कोणी मारत नाही. हाक मारली की थांबतात."

वडील विचारात पडले. मग म्हणाले, "गिरणीत असो एक आसतो तर..."

पहिल्याच आठवड्यात त्याने एक पद्धत घातली. मॅचच्या सकाळी अकरा जणांची नावं तो स्वतः लिहायचा आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर चिकटवायचा. त्याआधी ती कोणाला दाखवायची नाही, मलाही नाही. पूर्वी नावं वर पर्सनल ऑफिसर साहेबांकडे जायची आणि सहीसकट, कधी कधी बदलून, खाली यायची. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "जो निवडतो, तोच मॅच हरतो. साहेब हरायला तयार आहेत का?" हे मी साहेबांना भाषांतर करून सांगितलं नाही.

आता भाषेचं. त्याला मराठी शिकवली आमच्या गोलकीपरने. त्याला सगळे गोली म्हणायचे. दहिसरच्या चाळीतला पोरगा, बाप माझ्या वडिलांसारखाच संपात बसलेला, घरी लहान बहिणी. उंच, हाताचे पंजे सुपासारखे, तोंड सतत चालू. टीमची बहुतेक पोरं टेम्पररी होती. कायम कोणाला करायचं ते पर्सनल ऑफिसरच्या हातात. पण मैदानावर ते कोणाच्या लक्षात नसायचं. गोली पाठीमागून ओरडायचा, "अरे मागे ये, मागे! झोपलास काय?" रोमानियन ते ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी तस्संच ओरडायचा. "मागे ये! झोपला काय?" पोरं हसून लोळायची. एकदा सगळे मनोरीला गेलो, तर मार्वेच्या होडीत हे दोघं समोरासमोर बसून बोट दाखवत होते. पाणी, हात, डावा, उजवा, दोरी, मासा. शिव्याही शिकवल्या असणार, कारण परतीच्या वाटेवर नावाडी त्याच्याकडे वळून वळून बघत होता.

महिन्याभरात मला सरावाला जायची गरज उरली नाही. तरी मी जायचो. हौसेने जायचो. कोणी धापा टाकत बाहेर आला की त्याच्या खांद्यावर हात दाबून तो म्हणायचा, "बस रे. पाणी पी." चुकलेल्यालाही तेच, गोल मारलेल्यालाही तेच. र जरा जाड, प वर नको तेवढा जोर. पोरं एकमेकांना त्याच्या आवाजात म्हणायची. कॅन्टीनमध्ये, बसस्टॉपवर. बस रे, पाणी पी. भाषेची म्हणे बोंब!

आम्ही जिंकायला लागलो. उपान्त्य सामना आला आणि साहेबांना आठवलं की त्यांच्या वरच्या साहेबांचा एक भाचा लेफ्ट आउट, म्हणजे पुढे डावीकडे, खेळतो. पोरगा वाईट नव्हता, सरावाला येत नव्हता इतकंच. त्यांनी मला बोलावलं. "त्याला सांगा, भाच्याला घ्यायचंय. नीट सांगा, तुमच्या इंग्लिशमध्ये."

मी जुहूला गेलो. कंपनीच्या गेस्टहाउसात तो राहायचा. व्हरांड्यात बसून गुडघ्याला तेल चोळत होता. मी निरोप दिला. मग त्याने मला ते सांगितलं, जे तोपर्यंत सांगितलं नव्हतं. मॅनेजर म्हणून त्याने त्या लहान क्लबाला वरच्या गटात नेलं. मग तिथल्या सरकारी पक्षाच्या कोणा मोठ्या माणसाने जावई पुढे केला, याला खेळव. हा नाही म्हणाला. क्लब गेला. वर्षभर शाळेच्या पोरांना कवायत शिकवत होता. इथला मोसम म्हणजे त्याची शेवटची संधी होती. पूर्ण करून चांगला शेरा घेऊन परत गेला तर क्लब पुन्हा त्याच्याकडे. मधूनच परत पाठवला, तर आयुष्यात कुठल्याही टीमजवळ उभं करणार नाहीत. बायको आणि मुलगी तिकडेच होत्या. त्यांना बरोबर येऊ दिलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग खेळवा ना त्याला अर्धा वेळ. काय बिघडतं?"

तो म्हणाला, "डावीकडे खेळणारा जो पोरगा रोज येतो, त्याला तू जाऊन सांगशील?"

मी त्याचा निरोप घेऊन बस पकडली.

मॅचच्या सकाळी दारावर नावं लागली. भाचा नव्हता. आम्ही उपान्त्य सामना जिंकलो. जिंकलो! हे लोक विसरतात. हरलो असतो तर निदान काही निमित्त तरी होतं.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक. साहेब, तो आणि मी खुर्च्यांवर. खेळाडूंना एकेक करून आत बोलावलं. कामगाराने त्या केबिनमध्ये बसायचं नसतं, म्हणून ते उभे. साहेब मला तुम्ही म्हणायचे, त्यांना तू. प्रश्न एकच होता.

"याचं बोलणं तुला समजतं का?"

प्रत्येकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं दिसत होतं. एकाने मान हलवली, नाही. दुसऱ्याने हलवली. डावीकडचा तो पोरगासुद्धा, ज्याच्यासाठी हे सगळं झालं, टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "थोडं थोडं... म्हंजे नाय." मी प्रत्येक वेळी इंग्रजीत सांगत होतो. माझी मेहनतीची इंग्रजी. वडिलांनी ओव्हरटाइम करून घेऊन दिलेल्या पुस्तकांतली इंग्रजी. ती यासाठी शिकलो होतो?

शेवटी गोली आला. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

"बोल. समजतं का?"

"नाय साहेब," तो म्हणाला. "काय पण समजत नाय."

"सांगा त्याला," साहेब मला म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही.

"अहो, तुम्हाला कशाला बसवलंय इथे? सांगा!"

रोमानियनने हात वर केला. "समजलं," तो मराठीत म्हणाला. मग साहेबांच्या समोरचा पाण्याचा ग्लास उचलून टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला, स्वतःची खुर्ची रिकामी केली, आणि गोलीला म्हणाला, "बस रे. पाणी पी."

गोली बसला नाही. ग्लासाला त्याने हात लावला नाही.

साहेब हसले. "चार शब्द पाठ केलेत वाटतं."

माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, "साहेब, आत्ता तो काय म्हणाला ते याला समजलं की नाही, विचारा ना! विचारा!"

"तुम्ही दुभाषे आहात," साहेब म्हणाले. "वकील नाही."

"मग भाषांतर करतो. तुम्ही खोटं बोलताय. मराठीतून मराठीत."

त्या वाक्याची किंमत मी मोजली. मला गोडाऊनला टाकलं आणि तिथेच ठेवलं. त्याचं मला काडीचं दुःख नाही. तो त्याच आठवड्यात परत गेला, कारण भाषेची अडचण. असंच लिहिलं, असंच सगळीकडे सांगितलं, आणि आज लग्नाच्या पंगतीत तेच वाढतात.

मी अर्धी रजा टाकून गेस्टहाउसवर गेलो होतो. बॅग गाडीत ठेवली. मला वाटत होतं, तो शिव्या देईल. होडीत शिकलेल्या तरी देईल. त्याने विचारलं, "फायनलला गोलमध्ये कोण?"

"तोच," मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला गोलीचा इतका राग आला की आवाज फाटला.

"बरं," तो म्हणाला. "तोच पाहिजे. चांगला आहे." गाडी सहार विमानतळाकडे वळली. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. तिकडच्या कंपनीच्या पत्त्यावर मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

गोली कायम झाला. पुढे खांदा निखळला, खेळ थांबला, आणि दोन-तीन वर्षांत कंपनीने त्यालाच टीमवर नेमलं. खेळाडूचा मॅनेजर. मी गोडाऊनमधून घरी जाताना मैदानाच्या बाजूने जाणं टाळायचो. एकदा गेलो. संध्याकाळ होती, सराव चालला होता. एक पोरगा धापा टाकत बाहेर आला. गोलीने त्याच्या खांद्यावर हात दाबला आणि म्हणाला, "बस रे. पाणी पी." र जाड. प वर नको तेवढा जोर.

मी कुंपणाच्या आत शिरलो. "उद्याची टीम कोणी निवडली?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "वरून आली."

"वरून."

"तुला काय रे," तो म्हणाला. "तू ग्रॅज्युएट. तू साहेबाला नडून गोडाऊनला गेलास. मी नडलो असतो तर कुठे गेलो असतो, सांग ना? घरी बापाच्या शेजारी बसलो असतो?"

हे खरं होतं आणि ते खरं असल्याचा मला जास्तच संताप आला. मी म्हणालो, "नावं वरून घे. सही घे, जे घ्यायचं ते घे. पण ते त्याचं वाक्य वापरू नकोस. तुला हक्क नाही."

पोरं बॉल थांबवून आमच्याकडे बघत होती. गोलीचे ते सुपासारखे पंजे दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"मग काय बोलू?" तो म्हणाला. "दुसरं येत नाय मला."