लातूरच्या खोलीतलं स्पॅनिश गाणं

लेकीच्या डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी मी लातूरला खोली करून राहिले, तेव्हा पाहुण्यारावळ्यांनी माझं फार कौतुक केलं. आमच्याकडं आया अशाच जातात. पोरगी क्लासला, आई तिच्या स्वयंपाकाला आणि बाप मागं गावात. आमचं कंधारला भांड्यांचं दुकान आहे. हे रविवारी एसटीनं दळण घेऊन यायचे, जेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. इमारतीत सगळ्या मुली आणि आया, त्यामुळं पुरुषांनी मुक्काम करायचा नाही, असा घरमालकीणबाईंचा दंडक होता. लग्नाच्या नवऱ्यालाही सूट नाही!

बाकीचे दिवस मी एकटी. लेक सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. दोघींचा स्वयंपाक असून असून किती असणार? दुपार अंगावर यायची. कौतुक करणाऱ्यांपैकी कुणीच हे सांगितलं नव्हतं.

एका सकाळी केस विंचरताना लेकीनं मोबाईलवर एक गाणं लावलं. शब्द एक कळेना, पण गाणारा असा काही कळवळून गात होता की माझं कणीक मळणं थांबलं.

"कोणत्या भाषेतलं गं हे?"

"स्पॅनिश हाय. त्याची बायको लांब हाय. तिच्याबिगर त्याला करमंना, एवढंच."

एवढंच म्हणे! मी ते तिच्याकडून माझ्या मोबाईलवर घेतलं आणि दुपारी ऐकू लागले. ऐकताना मला हेच दिसायचे, दुकान बंद करून आल्यावर एकट्यापुरती खिचडी टाकणारे. जीव कासावीस व्हायचा. पण फोनवर आमचं बोलणं काय, तर परीक्षेचे मार्क, गॅसची टाकी, पाणी आलं का. करमत नाही, हे इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना कधी म्हटलंच नव्हतं. आता तोंडानं म्हणायला माझी जीभ रेटली नसती. म्हणून एका दुपारी मी ते गाणंच त्यांना पाठवून दिलं. सोबत काही लिहिलं नाही.

थोड्या वेळानं निळ्या खुणा दिसल्या. म्हणजे त्यांनी ऐकलं. खरकटी भांडी तशीच टाकून मी नव्या नवरीसारखी फोन धरून बसले.

उत्तर आलं, "हे चुकून आलं काय?"

तिथं 'नाही' लिहायचं होतं. मी लिहिलं, "हाव. बोट लागलं."

"बरं. मग काढून टाकतो, मोबाईल लई भरलाय. तू बी काढ."

मी काही काढलं नाही. त्यांनी मात्र, बोट लागलं असं मीच म्हटल्यावर, लगेच काढलं असणार. माझा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.