लाल पट्टीतला आवाज

"आलं का हो ऐकू?" वाक्य संपलं की काकू हनुवटी उचलून आतल्या खोलीकडे विचारायच्या. तिथून काकांचा हात वर झाला की रेकॉर्डिंग पास. माझ्या लॅपटॉपवरची आवाजाची पट्टी तोवर लालभडक झालेली असे. लाल म्हणजे आवाज फाटला. पण नापास करणारा मी कोण!

सेक्टर सहामधली आमची, काकूंची आणि माझी, कारखान्याची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. एका कोचिंग क्लासच्या ऑनलाइन व्हिडिओंचा आवाज नीट करणं हे माझं पोटापाण्याचं काम. काकूंनी एकदा पलीकडूनच हाक मारली, "बाबू, माझेही व्हिडिओ काढून दे. सैपाकाचे." मी हसलो. मग त्यांनी कारण सांगितलं आणि माझं हसू जिरलं. डॉक्टरांनी त्यांची आशा सोडली होती. काकांना स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि जन्मभर मशीनच्या धडधडाटात कानात बोळे न घालता काम केल्यानं ऐकूही जेमतेम येई.

"मी गेल्यावर या माणसानं दोन घास करून खाल्ले पाहिजे, बस," काकू म्हणाल्या. फोनमध्ये ठेवलेलं काका हमखास पुसून टाकत, म्हणून ऑनलाइन.

"कावून रे लाल होते ते?"

"काकू, तुम्ही ओरडता."

"ओरडत नाही, बोलून राहिली मी!"

आता बोला! तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. एकाचे कान गेले की दुसऱ्याचा आवाज चढतो. व्हिडिओखाली कुणा अनोळखी मुलीनं लिहिलं, 'आंटी, धीरे बोलिए, कान फट गए.' काकू खूश. "तिले कान आहेत म्हणून फाटले. मी काय तिच्यासाठी बोलून राहिली?"

शेवटी तह झाला. मी माइक त्यांच्या पदराला लावला, पंखा बंद केला. त्यांनी ओट्यावर जुना टॉवेल अंथरला, म्हणजे पळी ठेवली तरी खणकन वाजणार नाही. त्यांनी ओरडायचं नाही, शब्द सुटे सुटे बोलायचे. आवाज वाढवायचं काम माझं. वरण, पिठलं, फोडणीचा भात करता करता दिवस बरे गेले. खोटं कशाला बोलू, मला त्या घराची सवय लागली होती.

तहानंतरही विसरून काकू ओरडत आणि पट्टी लाल होई; मग तीही होईनाशी झाली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकू लागलो. काकू अर्ध्या वाक्यात थांबत, ओटा धरत. मी आवाज चढवला की त्यांची धापही मोठी ऐकू येई. एकदा म्हटलं, "काकू, हे मधलं कापून टाकतो."

"कापू नको रे. मी थांबते तेवढ्यात त्यायचा कांदा चिरून होते."

काकू गेल्या. तेरावं झाल्यावर एका सकाळी त्यांचा आवाज भिंतीतून आला, मी वाढवलेला. गेलो तर दार उघडंच होतं. काका ओट्यापाशी उभे, हातात सुरी, कांदा तसाच अख्खा. डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये काकू ओटा धरून थांबल्या होत्या. कढईतल्या तेलाचा धूर निघत होता. मी गॅस बंद केला तरी काकांचं लक्ष नव्हतं. ते फोनकडे वाकून म्हणत होते, "बस वं जराशी. दम घे. मले काही घाई नाही."