डोंगरावर चढलेली होडी

लोसेना माझ्या नणंदेची मुलगी. राजधानीत, सुवाला, समुद्राच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कचेरीत ती कोष्टके सांभाळते. आमच्या तावेउनीसारख्या बेटांवरचे होडीवाले दोरीला तापमापक बांधून पाण्यात सोडतात आणि वहीत लिहितात: तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश असे दोन आकडे, खोली, तापमान. लोसेनाचा प्रोग्राम या सगळ्या वह्या वाचतो, त्यांचे एकच मोठे कोष्टक करतो आणि त्यातून हवे ते चित्र काढून देतो. अमुक दिवशी, अमुक खोलीवर, कुठले पाणी किती गरम होते ते रंगांत दिसते.

मुलगी मुळातच संशयी. लहानपणी केकचा तुकडा दिला तरी उलटा करून बघायची. दोन दिवस एकच आकडा आला, की होडीवाल्याला फोन करणार, "होडी नेली होतीस, की अंथरुणातूनच मोजलंस?" बहुतेक वेळा उत्तर अंथरूण हेच निघे. त्यामुळे कचेरीत तिचा शब्द चाले.

बारा मार्चला ती बोटीने माझ्याकडे आली. चहासुद्धा न घेता तिने लॅपटॉप उघडला. तावेउनीचा नकाशा पहिल्यांदाच इतक्या जवळून काढला होता. पेनायाने मोजलेल्या जागांचे सगळे ठिपके वुनाच्या डोंगरावर, तारोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, शेतांत पडले होते. पेनाया माझ्या यजमानांचा चुलतभाऊ, म्हणजे लोसेनाचा मोमो, मामा. गेले अकरा महिने बेटाच्या पूर्वेचे पाणी तो एकटाच मोजत होता.

"नेई, अकरा महिने मोमो शेतात होडी चालवतोय." नेई म्हणजे मामी, मी.

"अगं, तो चर्चमध्ये प्रवचन देतो."

"मग काय, गोष्टी रचायची सवयच आहे त्याला."

मला हसू आले आणि संशयही आला. पेनायाचे इंजिन ऑगस्टमध्ये नऊ दिवस बंद होते. माझ्या रोजनिशीत तसे आहे. तरी त्या महिन्याची वही सुवाला गेलीच की. मी ते तिला सांगितले. सांगायला नको होते. त्याच दुपारी तिने कचेरीला पत्र पाठवले: पेनायाच्या नोंदी कोष्टकातून काढाव्यात, तापमापक परत घ्यावा.

संध्याकाळपर्यंत गावभर झाले. यांगोना, मुळ्यांचे गुंगी आणणारे पेय, प्यायला बसलेल्या पेनायाच्या मेहुण्यांना थट्टेला आयतेच सापडले. "पेनाया, होडीला चाकं कधी बसवलीस?" "तारोच्या मुळाशी पाणी कोमट असतं का रे?" एरवी तो दुप्पट उत्तर देतो. त्या दिवशी वाटी खाली ठेवून उठला. रविवारी प्रवचनाला उभा राहिला नाही. खोटे लिहिणाऱ्याने देवाचे काय सांगायचे, असे लोक म्हणतील, हे त्याला कळत होते.

सोमवारी तो माझ्या पायरीशी आला. आत आला नाही. "लोसेना, उद्या होडीत बस. जागा सांगणारं तुझं यंत्र घे, माझं नको."

ती गेली. परतली ती मिठाने पांढरी होऊन. मी कसाव्याचे कंद सोलत होते. तिने त्याची वही आणली होती. ऑगस्टमधले नऊ दिवस कोरे होते. बाकी प्रत्येक ओळीत रेखांशाच्या आकड्याआधी वजाची छोटी रेघ होती. अक्षांश सगळेच वजाशिवाय लिहितात; पण एकशे ऐंशी रेखांशाची रेषा आमच्या बेटावरूनच जाते. तिच्या पश्चिमेला साधे आकडे, पूर्वेला वजाचे. त्या दिवशी भर समुद्रात तिच्या स्वतःच्या यंत्रानेही वजाच दाखवला होता.

तिने कोष्टक उघडले. एकही वजा नव्हता.

"कुणी काढले?" मी विचारले.

"मीच." तिने प्रोग्राममधली एक ओळ दाखवली. "काही जण खोली वीस लिहायचे, काही वजा वीस. मला त्याचा वैताग आला होता. मी प्रोग्रामला सांगितलं, कोष्टकात वजा दिसला की पूस. फक्त खोलीच्या रकान्यात असं सांगायला हवं होतं." बाकीच्या होड्या पश्चिमेला. त्यांचे काही बिघडले नाही. पेनायाचा प्रत्येक ठिपका मात्र रेषेपलीकडे उलटला आणि डोंगरावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी माफीच्या रीतीप्रमाणे ती यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन त्याच्या घरी गेली. दाराजवळ खाली बसून सगळ्या भाऊबंद-मेहुण्यांसमोर तिने माफी मागितली. पेनायाने जुडीला हात लावला, स्वीकारली, रिवाजाच्या टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, "कचेरीला दुसरं पत्र लिहिलंस?"

"लिहिलं, मोमो."

"वाच."

तिने वाचले.

"पुन्हा वाच. सावकाश. हे सगळे मेहुणे ऐकतायत."

तिने पुन्हा वाचले. कुणी हसले नाही.

त्या रविवारी तो प्रवचनाला उभा राहिला. तापमापकही त्याच्याकडेच आहे. पण वही तो आता लोसेनाला देत नाही, नकलून देतो. दर महिन्याचे चित्र आधी त्याच्याकडे यायला हवे, ही त्याची अट. माझ्या टेबलावर वही उघडून एकेक ठिपका बोटाने तपासतो, मग माझ्याच फोनवरून सुवाला बोलतो. काल म्हणाला, "लोसेना, सातवा ठिपका किनाऱ्याच्या फार जवळ आलाय. काय केलंस?"

"काही नाही, मोमो."

"बघून सांग. मी थांबतो."

तिकडून बराच वेळ कळफलकाची टकटक ऐकू येत होती.