मेव्हण्याचा उजवा पाय

माझ्या मेव्हण्यानं मला एकदा त्याचा उजवा पाय करायचं ठरवलं. डाव्या पायाच्या जागी त्यानं माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीला धरलं होतं. आम्ही दोघं पाय झालो की तो चालायला लागणार होता, आणि एकदा चालायला लागला की लखपती होऊनच थांबणार होता.

कोल्हापुरात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले, तेव्हाची ही गोष्ट. मंगळवार पेठेतल्या एका चौकात माझा दुधाचा कट्टा होता. कट्टा म्हणजे दुकान नव्हे. संध्याकाळी म्हैस चौकात न्यायची, खांबाजवळ उभी करायची आणि गिऱ्हाईक समोर असताना धार काढून फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचा. पिशवीतलं दूध आमच्याकडं चहापुरतं चालतं. प्यायचं दूध डोळ्यांदेखत सडातून आलं पाहिजे. तालमीतले पैलवान, बँकेतले कारकून, फिरायला निघालेली म्हातारी माणसं, सगळी पेले धरून थांबत. थांबावंच लागे, कारण म्हैस तिच्या सवडीनं पान्हा सोडते आणि ओळखीच्या हाताशिवाय सोडत नाही. आमची तर माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नसे. तापानं फणफणलो तरी कांबळं पांघरून मलाच तिच्या कासेखाली उकिडवं बसावं लागे.

या एका म्हशीवर घर चाललं होतं, आणि ती काही महिन्यांत आटणार होती. ती भाकड पडायच्या आत दुसरी आणली नाही, तर कट्टा मोडला असता. गिऱ्हाईक थोडे दिवस रिकाम्या खांबाकडं बघतं आणि मग पलीकडच्या कट्ट्यावर जातं; ते परत येत नाही. म्हणून बायकोनं दुसऱ्या म्हशीपुरते पैसे साठवले होते. ते तिच्याच ताब्यात असत, कारण माझ्या हाताला भोकं आहेत असं तिचं मत होतं. मेव्हण्याला नेमके तेच पैसे हवे होते.

मेव्हणा मुरगूडचा. घरी थोडी शेती, दावणीला जनावरं. हा शेंडेफळ, बी.कॉम. होऊन बसलेला. नोकरी शोधायला म्हणून आमच्याकडं आला आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन बसला. तिथं त्याला एक वेबसाइट सापडली. फी भरून सभासद व्हायचं, रोज तिच्यावरच्या जाहिराती बघायच्या आणि बघण्याचे पैसे घ्यायचे. शिवाय आपल्याखाली दोन माणसं आणायची, एक डावीकडं, एक उजवीकडं. त्यांना पाय म्हणत. त्या पायांनी आपापले आणखी दोन पाय आणायचे, आणि मग वरच्यानं नुसतं झोपायचं. झोपेत पैसा येत राहतो.

"दाजी, तुमी निस्ता माझा उजवा पाय व्हा," तो म्हणाला. "बाकीचं कंपनी बघती."

"आणि आपण सगळी झोपल्यावर धार कोण काढणार?"

"धार काढायचीच न्हाय की. म्हैस इकायची."

म्हैस शेजारीच उभी होती. तिच्यादेखत असं बोललेलं मला आवडलं नाही. मी शेणाची पाटी त्याच्या हातात दिली आणि उकिरड्याकडं बोट दाखवलं.

पण गडी चिवट होता. सकाळी जेवून कॅफेत जायचा आणि जाहिराती बघायचा. त्या सगळ्या अमेरिकेच्या. अंगणातला बर्फ उपसायचं यंत्र, परसातला पोहायचा तलाव, कुत्र्यांचा विमा. कुत्र्यांच्या विम्याची जाहिरात तो मन लावून शेवटपर्यंत बघायचा आणि दमून घरी यायचा. बायको त्याला गरम भाकरी वाढायची. "दमतंय वो पोरगं," ती मला म्हणायची. मी पहाटेपासून म्हशीमागं असायचो, पण ते दमणं तिला दिसत नव्हतं, कारण ते रोजचंच होतं.

संध्याकाळी तो कट्ट्यावर यायचा. धार निघेपर्यंत गिऱ्हाईक जागचं हलू शकत नाही, हे त्यानं हेरलं होतं. पेला धरून उभ्या असलेल्या माणसाला तो पायांचा हिशेब समजावून सांगायचा. एका पैलवानानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे नुसतं बघायचं?"

"व्हय."

"मग आमचा आज्जा जोत्यावर बसून दिवसभर रस्ता बघतोय. त्येला का न्हाय कुणी पैसं दिलं?"

गिऱ्हाइकांत कुणी पाय मिळेना, तसा त्यानं मोर्चा बहिणीकडं वळवला. कॅफेतून छापून आणलेला एक कागद तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाळगायचा. त्यावर त्याचं नाव होतं आणि खाली डॉलरमध्ये आकडा होता. तो आकडा दर आठवड्याला फुगायचा. बायकोनं तो कागद उजेडात धरून बघितला, डॉलरचे रुपये करून घेतले आणि म्हणाली, "बघू."

मी खरा घाबरलो तो तेव्हा. मेव्हण्याच्या बोलण्याला नव्हे, तिच्या 'बघू'ला. मला पहिल्यांदा बघितल्यावरही ती घरच्यांना 'बघू' एवढंच म्हणाली होती, आणि पुढं काय झालं ते मी रोज बघतोच आहे.

दिवाळी आली. आमच्याकडं पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यानं पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या बांधायच्या आणि मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढून पुढं फटफटत निघायचं. म्हैस मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून मागं धावते. त्यासाठी आधी महिनाभर तिला सराव द्यावा लागतो. माझी म्हैस या विद्येत एवढी तयार झाली होती की पाडव्याला तिनं गाडीला दोनदा मागं टाकलं. पाडवा संपला, पण आळसापोटी मी पुंगळी परत बसवली नव्हती.

त्याच आठवड्यात एका मंगल कार्यालयात त्या वेबसाइटवाल्यांची मोठी मीटिंग होती. बाहेरगावचे साहेब बोलायला येणार होते. बायको आदल्या रात्री म्हणाली, "मी बी जाऊन ऐकीन म्हणते." पैसे नेणार का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी मेव्हण्यानं गाडी मागितली. "रिक्षातनं उतरलं की छाप पडत न्हाय, दाजी. मी म्होरं जाऊन जागा धरतो, आक्का मागनं येऊ दे." मी किल्ली दिली आणि कट्ट्यावर जायला म्हणून म्हशीचा कासरा सोडला. तेवढ्यात त्यानं किक मारली.

म्हशीनं कान टवकारले, माझ्या हाताला हिसडा दिला आणि ती निघाली.

मी बोंबललो, पण त्या फटफटीत त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो ऐटीत पुढं, ही शेपूट वर करून मागं. नाक्यावरचा पानवाला हात जोडून म्हणाला, "पावणं, पाडवा झाला की वो." मागं बघावं असं मेव्हण्याला वाटलं नाही. तो लखपती व्हायला निघाला होता, त्यानं मागं कशाला बघावं?

बायकोनं धारेची बादली आणि पेले उचलले आणि रिक्षा थांबवली. "कुठं?" रिक्षावाल्यानं विचारलं. "म्हशीच्या मागनं," मी म्हणालो. त्याला तेवढा पत्ता पुरला. कट्ट्याकडं निघालेल्या दोन पैलवानांनी आपलं दूध भलत्याच दिशेनं पळताना बघितलं आणि तेही सायकली वळवून मागं लागले.

आम्ही पोचलो तेव्हा मेव्हणा आत गेला होता. गाडी दारात लावलेली आणि म्हैस गाडीच्या सीटवर हनुवटी टेकून उभी. दारातल्या स्वयंसेवकानं माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि विचारलं, "आपण कुणाचे पाय?" मी बादली दाखवली. आतून मेव्हण्यानं आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. दोन्ही पाय एकदम आले होते.

स्टेजवर टाय लावलेले साहेब बोलत होते. "मला सांगा, इथं असे किती जण आहेत, ज्यांचा धंदा ते स्वतः नसले की बंद पडतो?"

म्हैस ओरडली. तिची वेळ झाली होती, कास तटतटली होती. सगळा हॉल हसला. साहेबांची नजर उघड्या दारातून माझ्यावर आली.

"बघा, हे काका बादली घेऊन जनावरामागं धावतायत. याला धंदा म्हणत नाहीत, याला गुलामी म्हणतात."

मला राग आला. फूल नसतं हातात तर चार शब्द बोललोही असतो. पण म्हशीला थांबवत नव्हतं, म्हणून फूल खिशात खोचलं आणि तिथंच गाडीशेजारी उकिडवा बसलो. धारेचा बादलीतला आवाज आत पोचला. कोल्हापूरच्या माणसाला संध्याकाळच्या वेळी हा आवाज ऐकून खुर्चीत बसून राहता येत नाही. आधी मागची रांग उठली, मग मधली. कुणीतरी कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून स्टीलचे पेले आणले. माइकची वायर पुरेल तिथवर साहेब बोलत बोलत मागं आले आणि वायर संपली तिथं थांबले. बायकोनं त्यांनाही पेला दिला.

"घ्या पावणं. दमलासा."

साहेब प्यायले. चांगलं दूध आहे म्हणाले आणि ओठावरचा फेस न पुसताच पुढं सुरू झाले. "ताई, असाच तुमच्या अकाउंटला रोज पैसा—"

"त्येच इच्यारायचं हाय," बायको म्हणाली. "आमी हे तुमच्या म्होरं काढून दिलं. तुमचं बी काढा की आमच्या म्होरं. लई न्हाय, पेलाभर."

मी म्हशीची कास सोडून तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. बायकोच्या, म्हशीच्या नव्हे.

स्टेजवर दाखवायला म्हणून कॉम्प्युटर ठेवलाच होता. लोक पेले घेऊन त्याच्याभोवती जमले. मेव्हणा पुढं झाला आणि त्यानं स्वतःचं अकाउंट उघडून दिलं. त्याचा पुरता विश्वास होता, हे मला सांगितलंच पाहिजे. टेलिफोनची लाइन किंचाळली, पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथंच उभं राहिलं. साहेब माउस दाबत होते.

"गडबड करू नका," मुरगूडकडचा एक फेटेवाला म्हातारा म्हणाला. "पान्हावंल."

"कोमट पाणी मारा."

"आवो, म्होरं पेंड घाला की."

"घातलीया की पेंड. आमची फी काय होती?"

"मग रेडकू सोडून बघा," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. कुणी हसलं नाही. अडलेल्या जनावराभोवती माणसं जशी काळजीनं उभी राहतात, तशी ती सगळी उभी होती.

शेवटी घाम पुसत साहेबांनी सांगितलं की पैसे आहेत, नक्की आहेत, पण आकडा ठराविक उंचीला गेल्याशिवाय ते काढता येत नाहीत, आणि दोन्ही पाय भरल्याशिवाय आकडा त्या उंचीला जात नाही.

बायकोनं त्यांचा रिकामा पेला उचलला आणि विसळला. "आटलीया ही," ती म्हणाली. "चला."

घरी येताना गाडी ढकलत आणावी लागली, कारण सुरू केली असती तर म्हैस पुन्हा पळाली असती. पुढं मुक्या गाडीमागं मेव्हणा, त्याच्यामागं म्हैस, तिच्यामागं आम्ही. ढकलता ढकलता तो म्हणाला, "आक्का, माझी फी गेली की गं." बायको चालत पुढं गेली आणि गाडीला एका बाजूनं हात लावला. मला त्या क्षणी त्याच्यावर चिडता आलं नाही. बी.कॉम. झाल्यापासून त्याला कुणी कशाला बोलावलं नव्हतं. त्या वेबसाइटनं निदान नावानिशी बोलावलं तरी होतं.

दुसरी म्हैस मुरगूडहूनच आणली, सासऱ्यांच्या दावणीची, ताजी व्यालेली. जावई म्हणून त्यांनी भावात काही सोडलं नाही. ती आली आणि तिनं मला धार द्यायचं साफ नाकारलं. पेंड घातली, पाठ थोपटली, मेव्हण्याचा शर्ट घालून बसलो. शर्ट हुंगून तिनं लाथ मारली. पारडू असल्यापासून तिला त्यानंच वाढवलं होतं. तो खाली बसला आणि तिनं लगेच पान्हा सोडला.

झोपेत पैसा मिळवणारा माणूस तेव्हापासून पहाटे उठायला लागला. आधी पुष्कळ कुरकुरला. कुठं पावण्यांकडं जाता येत नाही, रात्री मुक्काम करता येत नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा संध्याकाळी मांडवातून उठून धार काढायला आला. मुंडावळ्या बघून म्हैस बुजली, तेव्हा त्या नवरीच्या हातात देऊन उकिडवा बसला.

पुढं मोबाइल आले आणि नवे पाय शोधणारे लोकही आले. एकदा कट्ट्यावर बँकेतले एक कारकून त्याला सांगत होते, मोबाइलवर आलेले मेसेज नुसते वाचायचे, पैसे मिळतात, काही करावं लागत नाही. मेव्हणा कासेखालून मान वर न करता ऐकत होता.

"सायेब, तुमी एक दिवस न्हाय वाचलं, तर तितं कुणाला कळतंय?"

कारकुनांनी विचार केला. "न्हाय. कळायचं काय त्यात?"

"मी न्हाय आलो तर ही वरडती," मेव्हणा म्हणाला, आणि त्यानं भरलेला पेला त्यांच्या पुढं धरला.