डिझेलच्या नळीचा नट

हे आजवर माझ्या पोटातच राहिलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून बांगडे लपवणं. पण तुम्हाला सांगतो. आधी गाडीचं सांगू का? गाडीशिवाय ते कळायचं नाही.

नव्व्याण्णव साली माझ्या थोरल्या भावाने, दादाने, मुंबईत एक जुनी, सात माणसांची डिझेल गाडी घेतली. दोन वर्षं चालवली, पार्किंगला कंटाळला आणि गावी वालावलीला आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आणून ठेवली. कागद त्याच्या नावावर, हात काळे माझे. खाऱ्या हवेने पत्रा खाल्लेला, मागचा दरवाजा सुंभाने बांधायचा. पुढच्या सीटसमोर तळाला भोक होतं. आमची ठेंगणी आई उशीवर बसून त्यातून पळता रस्ता बघायची आणि लहान पोरीसारखी हसायची. एसटीत तिला ओकाऱ्या होत, रेल्वेच्या बोगद्यांची भीती वाटे. पण या गाडीत ती राणी. चढ आला की डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणायची, "चल गो बाय, चल." आणि बाय चढायची!

मग एका गणपतीत दादा म्हणाला, आता आईला मुंबईला नेतो, याच गाडीतून. त्याचं काय चुकलं? इतकी वर्षं ती माझ्याकडेच होती. खोली तयार आहे म्हणाला. आईला काय हवं होतं? — मी विचारलं नाही. ती "मी जातंय" म्हणाली असती तर?

निघायच्या सकाळी मी बॉनेट उघडलं. रोजचंच ते, कोणाला काय वाटणार? डिझेलच्या नळीचा नट — कसं सांगू — अर्धा आटा सैल केला. एवढंच. नळीत हवा शिरली. गाडी सुरू झाली, पहिल्या माडापर्यंत गेली आणि आचका देऊन बंद पडली. तीनदा. दर वेळी दादा उतरून माझ्या तोंडाकडे बघायचा. या गाडीचं दुखणं फक्त मलाच कळतं, असा त्याचा विश्वास. काही कळत नाही, अशी मी मान हलवायचो. कुडाळचे मेकॅनिकही सणाला घरी गेलेले.

शेवटी दादाने शेजारच्या तात्यांना बोलावलं. गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी चाकापुढे नारळ ठेवला, हात जोडले. "ज्या कोणी ह्या गाडयेक नजर लायली आसात, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

आम्ही सगळे एका आवाजात म्हणालो, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

नारळ फुटला, आणि गाडी चौथ्यांदा बंद पडली. दादाने चावी माझ्या हातात ठेवली. "देवाच्या मनात नाय. आवशीक हंयच रवांदे," म्हणाला आणि एकटाच एसटीने गेला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी नट आवळला, हवा काढली आणि आईला घेऊन बाजारात गेलो.

पुढची पाच वर्षं — खोटं कशाला बोलू? — आनंदात गेली. जत्रा, लग्नं, माहेरवाशिणींची ने-आण, मासळी. एकदा त्या भोकातून आईची पानाची चंची पडली, तर आम्ही कोसभर मागे जाऊन शोधली. ती सापडेपर्यंत हसून हसून आमची पोटं दुखली. प्रत्येक चढाला "चल गो बाय". दादाच्या वाट्याला तेवढ्यात आई किती आली? गणपतीचे चार-पाच दिवस.

दोन हजार आठमध्ये आई गेली. त्यानंतर पहिल्यांदाच मी दादाकडे राहायला गेलो. त्याच्या न्हाणीघरात भिंतीला एक स्टीलचा दांडा होता, धरायला मला वाकावं लागेल इतका खाली. एवढ्या खाली कशाला, मला कळेना. मग कळलं. वहिनी म्हणाली, त्या गणपतीच्या आधी दादाने तो स्वतः बसवला होता, आईची उंची आठवून.

मी वाकून तो धरला, ओढून पाहिला. जराही हलला नाही. दादाने एकूण एक नट घट्ट आवळला होता.