पिस्तुलाची लाकडी पेटी

बाळांनो, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही कोल्हापूरला आलात तेव्हा देवघरातली रिकामी लाकडी पेटी उघडून विचारलं होतंत, "आजी, यात काय ठेवतेस?" घर भरलेलं होतं, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज खंडेनवमी. सकाळी पेटी पुसून पाटावर ठेवली, फूल वाहिलं, आणि प्रसाद द्यायला वळले तर कोणीच नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

ती माझ्या वडिलांच्या जर्मन पिस्तुलाची पेटी. महाराजांच्या कारकिर्दीत वडील दरबारच्या शिकारखात्यात होते. पिस्तूल या पेटीत राहायचं, आणि हीच पेटी पिस्तुलाच्या मुठीला मागून अडकवली की खांद्याला टेकवायचा दस्ता व्हायची. चाप दाबला की एकच गोळी सुटे. पुढं त्याच घाटाच्या पिस्तुलांना एक खटका आला. तो फिरवला की चाप धरून ठेवाल तोवर गोळ्या सुटत राहतात, आणि खांद्याचा आधार नसेल तर नळी वर उसळते. तसलं हत्यार आज आपल्याकडं खाजगी माणसाला ठेवता येत नाही. तेव्हा साध्या पिस्तुलालाही दरबारचा परवाना लागे, आणि तो माणसाच्या नावाचा असे. माणूस गेला की हत्यार सिलेखान्यात, म्हणजे दरबारच्या शस्त्रांच्या कोठारात जमा.

मी लहान असतानाच वडील प्लेगनं गेले. त्यांचे कपडे, अंथरूण, सगळं जाळून टाकावं लागलं. हातात धरावं असं त्यांचं हे पिस्तूल आणि ही पेटी, एवढंच उरलं होतं.

दुखवट्याचं वर्ष, गोडधोड काही नव्हतं. तरी खंडेनवमीला आईनं पिस्तूल पेटीसकट पाटावर मांडलं. नेमके त्याच दिवशी सिलेखान्याचे जमादार ते न्यायला आले. वडिलांच्या ओळखीचे, वयस्कर मुसलमान गृहस्थ. दारातूनच पाट दिसला तसे थबकले.

"वैनीसाब, हे आज मांडलंसा?"

"मग कवा मांडू? आज हत्यार पाटावरनं उचलत न्हाईत, तुम्हास्नी ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हाय की. माझी तलवार बी पूजेलाच हाय. हात हलवत आलोय बघा."

"हात हलवत आलेला माणूस जप्ती कशाची करतोय?"

वडील गेल्यापासून आईचा असा आवाज मी ऐकला नव्हता. जमादार हसले, पाटाला हात जोडले आणि दसरा झाल्यावर येतो म्हणून गेले.

दसऱ्याला सगळं गाव सोनं लुटायला गेलं. आम्ही दोघी दार लोटून घरात. बाहेरून हलगीचा आवाज येत होता. आई पेटीचं झाकण उघडायची, आतल्या तेलाचा वास घ्यायची, पेटी माझ्या नाकाशी धरायची आणि झाकण लावायची.

जमादार ठरल्याप्रमाणे आले. पिस्तूल आईनं स्वतः त्यांच्या हातात दिलं. पेटी मात्र मांडीवरच राहिली.

"पेटी बी द्यावी लागंल, वैनीसाब. ती लावली की पिस्तुलाची बंदूक हुतीया."

"पिस्तूल तुमच्याजवळ. मग ही मी कशाला लावू, लाटण्याला?"

जमादारांना हसू आलं, पण लगेच त्यांनी मान खाली घातली. "वर इचारून येतो," म्हणाले.

ते परत येईपर्यंत आईनं पेटी खाली ठेवली नाही. चूलही पेटली नाही. दुपार कलल्यावर ते पेचकस घेऊन आले. "त्यो लोखंडी आकडा काढला तर ऱ्हाऊ द्या म्हणत्यात." पेटीच्या तोंडाशी एक लोखंडी तुकडा होता, तोच मुठीत अडकायचा. तो निघता निघेना. शेवटी निघाला, तेव्हा लाकूड थोडं चिरलं. आईनं ती चीर पदरानं पुसली, जणू रक्त आलंय.

पिस्तुलाचं पुढं काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही. तेलाचा वासही केव्हाच उडाला. पेटी आहे. तोंडाशी चीर आहे, आणि झाकण अजून नीट लागतं.